बधीर करायची सुई

माझ्या वडिलांचा गावच्या देवावर विश्वास होता, देवापुढे घातलेल्या गाऱ्हाण्यावर होता, आणि गिरणीचा संप एक दिवस आपल्याच बाजूने मिटणार यावर तर बाकीचे सगळे हात टेकून घरी बसल्यावरही होता. विश्वास नव्हता तो फक्त बधीर करायच्या सुईवर. "ती डॉक्टराच्या समाधानासाठी आसता," ते सांगायचे. "माणसाक कळूचा ता सगळा कळताच."

हे ते घाटकोपरच्या आमच्या चाळीत, गॅलरीत स्टूल टाकून सांगायचे आणि ऐकणारे माना डोलवायचे. आमच्या चाळीत कुठल्याही गोष्टीवर माना डोलत. डोकं चालवण्यापेक्षा ते सोपं होतं.

पुरावा म्हणून बाबांकडे एक दाढ होती, म्हणजे दाढेची मोकळी जागा होती. संप फसला त्याच्या पुढच्या वर्षी स्टेशनजवळच्या दातांच्या डॉक्टरने त्यांची डावीकडची खालची दाढ उपटली होती. ती हकीकत मी इतक्या वेळा ऐकली की झोपेतही म्हणून दाखवली असती. गाल टोपीएवढा सुजलेला, सुई घेतलेली, आणि तरीही डॉक्टरने सांडशी लावल्याबरोबर जीव टाळूतून बाहेर पडतोय असं झालं. "फक्त छातयेर पाय देवचो बाकी ठेवल्यान," बाबा म्हणायचे. दाढ तुकड्यातुकड्यांनी निघाली. खुर्चीच्या हाताचं रेक्झिन त्यांनी नखांनी फाडलं. पण तोंडातून आवाज काढला नाही, आणि या आवाज न काढण्याचा त्यांना असा काही अभिमान होता की दाढ उपटून घेण्यात पहिला नंबर आला असावा.

एकाने असं काही सांगितलं की चाळीतल्या बाकीच्यांना राहवत नसे. शेजारची काकू सांगायची की बाळंतपणात टाके घालताना तिला प्रत्येक टाका कळला. एकाचं साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये बोट कापलं होतं. तो छातीठोकपणे सांगे की सुईत नुसतं पाणी असतं, औषध मागच्या दाराने जातं. यातल्या एकाही माणसाने सुई देणाऱ्याला 'थांबा, अजून कळतंय' असं म्हटलेलं नव्हतं. मी विचारलं होतं. "डॉक्टरला असं कसं सांगायचं?" काकू म्हणाली. नवऱ्याला, सासूला, नळावरच्या बायकांना ही बाई काय काय सांगायची ते अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. पांढरा कोट दिसला की मात्र हिची वाचा बसायची.

आणि चाळीच्या खालीच आमचे घरचे डॉक्टर. त्यांच्याबद्दल लोक इतक्या आदराने बोलत की मला किळस यायची. ताप असो, खोकला असो, पाय मुरगळलेला असो, हा माणूस कमरेत इंजेक्शन देऊन मोकळा व्हायचा. लोकांनाही तेच हवं असे. ज्या दिवशी नुसत्या गोळ्या मिळत त्या दिवशी आपल्याकडे डॉक्टरचं लक्ष नाही असं वाटून बायका हिरमुसून वर येत. बाबा तर दवाखान्यात शिरतानाच पट्टा सैल करत.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला.

त्यांचा एक डोळा गिरणीत असतानाच गेल्यात जमा होता. मागावरून धोटा उडून लागला होता, आणि त्या डोळ्याने त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळे. चालत होता तो उजवा. त्या उजव्याच्या जोरावर त्यांना साकीनाक्याला पितळेच्या नटबोल्टच्या एका वर्कशॉपमध्ये तपासणीचं काम मिळालं होतं: आटे नीट पडलेत का बघायचं आणि खराब माल बाजूला टाकायचा. त्याच उजव्या डोळ्यावर पडदा धरायला लागला. आधी ते बोटांनी चाचपून माल तपासू लागले. मग खराब माल चांगल्यात जाऊ लागला. मालक बरा माणूस होता. त्याने सरळ सांगितलं, डोळा करून घ्या आणि या, नाहीतर येऊ नका. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याहून सरळ सांगितलं. मोतीबिंदू पिकलाय, आणखी थांबलात तर आतल्या आत फुटेल आणि हा डोळाही जाईल.

ऑपरेशन कसं करतात ते त्यांनी समजावलं. भूल फक्त डोळ्यापुरती, डोळ्याच्या बाजूने सुई देऊन. माणूस जागाच असतो. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. 'सुई' म्हटल्यावर त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. पण बाईंनी "चालेल ना?" असं विचारल्यावर ते काय म्हणाले? "हो." त्यांच्याकडे कोटवाल्यांसाठी दुसरं उत्तरच नव्हतं.

ठरल्या दिवशी त्यांना दाखल केलं. संध्याकाळी मी ऑफिसमधून घरी आले तर बाबा गॅलरीत स्टुलावर बसलेले. उजव्या डोळ्याच्या पापण्यांचे केस कापलेले. ऑपरेशनच्या आधी ते कापतात. केस कापून घेईपर्यंत ते थांबले, आणि वॉर्डातला माणूस सुईच्या ताटाची तयारी करायला लागल्यावर लघवीला जाऊन येतो म्हणून उठले आणि बस पकडून घरी आले. बसचा नंबर कंडक्टरला विचारून. तो वाचता येत नाही म्हणूनच तर त्यांना तिथे नेलं होतं.

मी जे बोलायचं ते बोलले. आंधळं होऊन बसायचंय का, आईने हाताला धरून संडासला न्यायचं का, सगळं. बाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "डोळ्यात सुरी घालतले आणि माका सगळा कळतला. दाढ होती म्हणान निभावला. डोळो आसा गो ह्यो."

आई आत भिंतीकडे तोंड करून रडत होती. आणि चाळ? चाळ बाबांच्या बाजूने. काकू म्हणाली, वेळेवर सुटलात. बोट कापलेला म्हणाला, काका, झकास केलंत, त्यांनी वाट लावली असती तुमची. घरचे डॉक्टर म्हणाले, घाई नको, आधी जरा शक्ती येऊ दे. आणि त्यांनी कमरेत इंजेक्शन दिलं.

असे दोन महिने गेले. बाबा कामावर जात नव्हते. ताटातली आमटी कुठे आणि भाजी कुठे हे आई बोलून सांगायची. मी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

आणि माझी अक्कलदाढ दुखायला लागली.

अक्कलदाढ म्हटल्यावर जो विनोद होतो तो मला ऑफिसातल्या प्रत्येकाने ऐकवला, जणू त्यालाच सुचलाय. तीन रात्री लवंगेवर काढल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच स्टेशनजवळच्या डॉक्टरकडे गेले. दुसरा कुणी माहीत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला बघायचंही होतं, बाबांनी फाडलेलं रेक्झिन आहे का.

तो डॉक्टर म्हणजे घाटकोपरचं मोठं प्रस्थ. माणूस गोरा, जाडा, सतत घाईत. त्याच्याकडे माडीवर खुर्ची एक आणि बाहेरच्या बोळात एक लांब बाक. मदतीला कोणी नाही, नाव लिहून घेणं नाही, नंबर नाही. संध्याकाळी आलेल्या पाचसहा जणांना तो ओळीने आत बोलवायचा, एकेकाला हिरडीत सुई द्यायचा आणि परत बाकावर पाठवायचा. सगळ्यांना देऊन होईपर्यंत पहिला बधीर झालेला असायचा. मग बाकावर पहिला बसलेला आत जाई, दाढ काढून बाहेर येई, आणि बाकीचे एकेक जागा सरकत. कोणाला सुई दिली, कोणाला नाही, याचा सगळा हिशेब त्या बाकावर. डॉक्टर माणसाच्या तोंडात बघायचा, तोंडाकडे कधी बघत नसे. पडदा सरकवून ओरडायचा, "चला, पुढचा!"

मलाही हिरडीत सुई बसली. ती दुखली, डोळ्यांतून पाणी आलं. मी मनात म्हटलं, झाली सुरुवात. बाकावर येऊन बसले. थोड्या वेळाने ओठाला मुंग्या आल्या, मग जीभ अर्धी गेली, मग गाल असा झाला की तो माझा नाहीच, कोणाचा तरी माझ्या तोंडाला चिकटवलाय. आत गेले. "इंजेक्शन झालंय ना? बधीर झालं ना?" डॉक्टरने माझ्याकडे न बघता विचारलं. मी मान हलवली. सांडशी आत गेली. हाड मोडल्याचा आवाज आला, जबडा कोणीतरी ढकलतंय एवढं कळलं, आणि ताटलीत दाढ वाजली. बस. एवढंच. मी खुर्चीत तशीच बसून राहिले. "उठा की आता," डॉक्टर म्हणाला.

खुर्चीच्या डाव्या हाताला रेक्झिनची पट्टी ठिगळासारखी चिकटवलेली होती.

घरी येताना माझ्या डोक्यात फक्त राग होता. रेक्झिन काय, कशानेही फाटतं; म्हणजे बाबा खोटं बोलतात. गॅलरीतल्या चार लोकांनी 'वा' म्हणावं म्हणून या माणसाने दाढेची लढाई रचून सांगितली, आणि आता स्वतःच्याच गोष्टीला घाबरून डोळा घालवतोय. दारातून आत शिरल्या शिरल्या मी कापसाच्या बोळ्यातून बोबडं विचारलं, "तुम्हाला सुई कुठे दिली होती?"

"खय म्हणजे?" बाबा म्हणाले. "कमरेत."

मी बोळा काढला आणि परत विचारलं.

"कमरेत गो. सुई काय कपाळात देतत?"

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. त्या दिवशी सकाळी गाल सुजला म्हणून बाबा आधी खाली घरच्या डॉक्टरकडे गेले होते. त्याने नेहमीसारखं कमरेत इंजेक्शन ठोकलं आणि दाढ काढून घ्या म्हणून स्टेशनकडे पाठवलं. बाबा बोळात पोहोचले तेव्हा बाक भरलेला होता, सगळे सुई घेऊन बसलेले. बाकावरच्या पहिल्या माणसाने बाबांचा सुजलेला गाल आणि पांढरे केस बघितले आणि भल्या मनाने उठून त्यांना स्वतःची जागा दिली. बाकीच्यांनी पाहिलं. पण त्यांची तोंडं बधीर, बोलणार कोण? आणि खुर्चीकडे जायला दुसऱ्याचा नंबर आधी लागतोय म्हणून भांडणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. पडदा सरकला. "चला, पुढचा!" बाबा आत गेले. "इंजेक्शन झालंय ना?" "हो." झालंच होतं, सकाळी. "बधीर झालं ना?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हटलंय."

"झालं होतं?"

"डॉक्टर विचारता तर हो म्हणूक नको?"

त्या वेळी माझ्या मनात एकेकाबद्दल जे आलं ते लिहिण्यासारखं नाही. ज्याला कुठल्याही आजारावर कमरेपलीकडे माणूस दिसत नाही असा एक डॉक्टर. ज्याला बाकावर माणसं बसतात की पिशव्या ठेवल्यात हे कळत नाही असा दुसरा. तोंडं आवळून बसलेली ती सगळी रांग. आणि माझे वडील. गिरणीत साहेबाने विचारलं, जास्तीची पाळी जमेल ना? हो. रेशनवाल्याने विचारलं, तांदूळ असाच आहे, चालेल ना? हो. जन्मभर ज्याने विचारलं त्याला हो, आणि मग घरी येऊन स्टुलावर बसून सगळ्या जगाला शिव्या.

मी त्यांना समजावलं की दातासाठी सुई दातापाशीच देतात, डोळ्यासाठी डोळ्यापाशी, आणि तुम्हाला ती दिलेलीच नव्हती. पटेना. सुई अंगात गेली म्हणजे रक्तातून सगळीकडे जाते. आणि इतका शिकलेला डॉक्टर, "तेका समाजना नाय?" घरच्या डॉक्टरला विचारायला ते खाली गेले. तो म्हणाला, मी चांगलं इंजेक्शन दिलं होतं. इथे त्या माणसाशी भांडून मी माझी एक संध्याकाळ फुकट घालवली, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

बोलून काही होणार नव्हतं. बाबांचा एक सुळा हलत होता, वरचा, काढायलाच झालेला. मी आईला म्हटलं, मी यांना तिथेच नेणार. त्यांचं त्यांना कळू दे. आई घाबरली. पण बाबा तयार झाले, आणि तेही वीरासारखे. एकदा सोसलं, आणखी एकदा सोसू, एवढाच त्यात भाव होता. सुईच्या भरवशावर ते येत नव्हतेच.

संध्याकाळी लवकर गेलो. बाकावर त्यांच्याजवळ मी चिकटून बसले. पहिल्या फेरीत ते आत गेले तेव्हा मीही पडद्यातून आत शिरले आणि डॉक्टरला सांगितलं, मागच्या वेळी तुम्ही यांची दाढ सुई न देता काढलीत.

"शक्य नाही," तो म्हणाला. "मी विचारल्याशिवाय हात लावत नाही. यांनी हो म्हटलं असणार."

एवढंच. ते खरं होतं, म्हणून तर जास्त संताप आला. बाबांच्या हिरडीत सुई गेली. त्यांनी डोळे गच्च मिटले, मग उघडले, आणि मला म्हणाले, "हयसर?"

"हो. इथेच."

परत बाकावर आलो. तेवढ्यात एक गुजराती आजी गालाला पदर लावून कण्हत आल्या आणि बाबा लगेच उठायला लागले. मी त्यांचा शर्ट मागून धरला आणि खाली ओढला. स्वतः उठले आणि आजींना माझ्या जागेवर बसवलं. बाबा माझ्याकडे असे बघत होते की मी कुळाला बट्टा लावला. मग हळूहळू त्यांचा हात ओठाकडे गेला. ते ओठ चाचपायला लागले.

"चला, पुढचा!"

आत गेल्यावर डॉक्टरने सांडशी उचलली. "इंजेक्शन झालंय ना? बधीर झालं ना?"

"हो," बाबा म्हणाले. सवयीने, प्रश्न संपायच्या आत.

"बाबा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या एका डोळ्याने मी त्यांना कितपत दिसत होते कोण जाणे. ते थांबले, जिभेने आतून चाचपून बघितलं आणि म्हणाले, "नाय. नाकाकडे कळता अजून."

"इतक्या वेळात झालंच पाहिजे," डॉक्टर म्हणाला. "तुम्हाला नुसतं वाटतंय. आ करा."

बाबांनी तोंड मिटलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ओठ घट्ट मिटून समोरच्या भिंतीकडे बघत बसले. डॉक्टर माझ्याकडे वळला, मी पडद्याकडे बघत राहिले. गिरणीनंतरचा बाबांचा हा दुसरा संप, आणि हा मात्र जिंकला. डॉक्टरने पुटपुटत आणखी एक सुई भरली. "कोण शिकवतं यांना हे," तो म्हणाला. ती दिली आणि पाय आपटत नंतर आलेल्यांना सुया द्यायला बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याने विचारलं नाही. बाबांनीच मान हलवून परवानगी दिली. सुळा निघाला. बाबा आ करून तसेच बसले होते, पुढचं काय म्हणून वाट बघत. त्यांना ताटलीतला सुळा दाखवावा लागला.

आम्ही जिना उतरलो. खाली, भाजीवाल्यांच्या गर्दीत बाबा मध्येच उभे राहिले. गाल दाबून बघितला. चिमटा काढला. परत जोरात काढला.

"सगळ्यांका असाच करतत?" त्यांनी विचारलं. तोंडात बोळा, अर्धा ओठ मेलेला.

"हो."

"पयल्यापासून?"

"हो, बाबा."

लोक धक्के मारत जात होते आणि ते रस्त्याच्या मधोमध गाल धरून उभे होते. मग पापण्यांचे कापलेले केस नुकते परत आलेल्या त्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

"माका वाटला," ते म्हणाले, "दुखता सगळ्यांकाच. बाकीचे गप बसतत."

मी त्यांचा दंड धरला. त्यांनी रुमालात थुंकलं, रुमालाची घडी केली आणि खिशात ठेवली. मग म्हणाले, "त्या डोळ्याच्या बाईक उद्या विचार, तारीख कधीची गावता. आणि तिका सांग, मी सांगतंय तेवां सुरी लावूची. तेच्या आदी नाय."